दिल्लीची जाळी : जोत्यापासून गवाक्षापर्यंत

दिल्लीत वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या शालेय आठवणींत तीन सहली हमखास असतात : कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा आणि लाल किल्ला. मिनाराची उंची, घुमटाचा आकार आणि बादशहांच्या सनावळ्या वहीत उतरवून घेतल्या जात. या तिन्ही ठिकाणी सावली देणारी, वारा आत घेणारी आणि उन्हाचे तुकडे करून फरशीवर पसरणारी दगडी जाळी मात्र बहुधा नोंदीबाहेर राही. वस्तुतः या शहराचा सातशे वर्षांचा इतिहास एकाच वस्तूच्या आधारे सांगायचा झाल्यास जाळीइतकी बोलकी वस्तू दुसरी सापडणे कठीण.

‘जाळी’ हा शब्द संस्कृत ‘जाल’ शब्दापासून आला. मासेमारीचे जाळे, कोळ्याचे जाळे, शिंक्याची विणलेली जाळी आणि खिडकीतील दगडी जाळी ही सारी एकाच शब्दकुळातील भावंडे आहेत. सर्वांचे तत्त्वही एकच. काही अडवायचे आणि काही जाऊ द्यायचे. भिंत सर्वच अडवते, दार उघडले की सर्वच आत येते. जाळी निवड करते. प्राचीन भारतीय शिल्पकारांना हे तत्त्व चांगले ठाऊक होते. बदामी, ऐहोळे आणि पट्टदकल येथील चालुक्यकालीन मंदिरांच्या प्रदक्षिणामार्गांवर दगडात कोरलेल्या सच्छिद्र खिडक्या आजही दिसतात. म्हणजे जाळी भारतात बाहेरून आली नाही. दिल्लीच्या सुलतानांच्या काळात भूमितीच्या नव्या व्याकरणाशी तिची गाठ पडली, आणि या भेटीतून पुढे जे घडले त्याने उत्तर हिंदुस्थानच्या वास्तुकलेचा चेहरा बदलला.

जोत्याखालची जागा

जाळीचे सर्वांत साधे काम गवाक्षात नसून जमिनीलगत असते. कोणतीही उंचावर बांधलेली ओसरी, ओटा वा चौथरा आपल्याखाली एक प्रश्न निर्माण करतो. खालची पोकळी बंद केली तर ओल साचते, दमट वास येतो आणि लाकूड कुजते. ती उघडी ठेवली तर कुत्री-मांजरे, साप आणि घुशी आत घर करतात. या दोन्ही अडचणींवर जगभर सापडलेले उत्तर एकच आहे : जाळी. अमेरिकेत स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी तेथील लाकडी घरांच्या पडवीखाली तिरप्या पट्ट्यांची जाळी बसविलेली पाहिली असेल. ती शोभेसाठी असते, असा समज होतो. परंतु तिचे खरे काम खालची माती कोरडी ठेवण्याचे आहे. म्हणूनच जाणता सुतार ती जमिनीला टेकू देत नाही, थोडी अधांतरी ठेवतो, आणि आत हात घालून डागडुजी करता यावी म्हणून तिचा एखादा भाग काढता-घालता येईल असा करतो.

जुन्या दिल्लीतील हवेल्यांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. तेथे चौकाच्या अथवा दिवाणखान्याच्या खाली ‘तहखाना’ म्हणजे तळघर असे. मे-जून महिन्यांत दुपारची लू सुटली की घरातील माणसे खाली उतरत. जमिनीच्या पोटातील तापमान बाहेरच्या हवेसारखे तासातासाला बदलत नाही. त्यामुळे वर अंगाची लाही होत असताना खाली सुसह्य गारवा लाभे. परंतु केवळ खोदलेले तळघर कोंदट होते. त्यात प्रकाश आणि वारा उतरावा म्हणून जोत्याच्या उंचीवर लहान झरोके ठेवावे लागत आणि त्या झरोक्यांना जाळी लागे. लाल किल्ल्यातील रंगमहालाखालीही तळघर आहे. पुढे कंपनीच्या काळात दिल्लीचे रेसिडेंट सर थॉमस मेटकाफ यांनी यमुनेकाठी बांधलेल्या आपल्या प्रशस्त घरात हीच देशी युक्ती उचलली आणि उन्हाळ्यासाठी तळघरातील खोल्या राखून ठेवल्या. युरोपीय साहेबालाही दिल्लीच्या उन्हापुढे दिल्लीचेच शहाणपण पत्करावे लागले.

जोत्याचा सर्वांत भव्य आविष्कार हुमायूनच्या मकबऱ्यात पाहावयास मिळतो. हुमायूनची बेगम हाजी बेगम हिच्या पुढाकाराने आणि मीरक मिर्झा गियास या वास्तुकाराच्या योजनेनुसार १५६५ च्या सुमारास सुरू झालेली ही वास्तू सुमारे ७ मीटर उंचीच्या चौथऱ्यावर उभी आहे. हा चौथरा भरीव भिंतीसारखा दिसत नाही. त्याच्या चारही अंगांना कमानींची ओळ असून आत ५६ खोल्या आहेत. एवढे प्रचंड ओझे पेलणारा पाया डोळ्यांना हलका वाटतो तो या कमानींमुळे. वर गेल्यावर मुख्य दालनात आणखी एक आश्चर्य आहे. पश्चिमेकडील संगमरवरी जाळीवर मिहराबाची आकृती रेखाटली आहे. एरवी मिहराब हा भिंतीतील भरीव कोनाडा असतो. येथे त्याच्या जागी प्रकाश आत येऊ देणारी जाळी आहे. दिशा दाखविण्याचे काम येथे प्रकाशाकडे सोपविले आहे.

दगडातील भूमिती

दिल्लीतील दगडी जाळीचा प्रवास पाहायचा तर कुतुब परिसरातून सुरुवात करावी. अल्लाउद्दीन खिलजीने १३११ मध्ये बांधलेल्या अलाई दरवाजाच्या खिडक्यांत तांबड्या दगडाच्या जाळ्या आहेत. त्याच दरवाजाच्या शेजारी इमाम झामीन याची लहानशी कबर आहे. तुर्कस्तानातून सिकंदर लोदीच्या काळात दिल्लीत आलेल्या या गृहस्थाने १५३७-३८ मध्ये, म्हणजे हयातीतच, ती बांधून घेतली. तिच्या खांबांमधील मोकळ्या जागा वालुकाश्माच्या जाळ्यांनी भरल्या आहेत. भव्य दरवाजाकडे धावणाऱ्या विद्यार्थ्यांचे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पण खांब आणि जाळी यांचा मेळ कसा घालतात हे समजून घेण्यासाठी तिच्याइतका सुबोध धडा नाही.

हा मेळ कसा साधला जाई? पाथरवट, ज्याला दिल्ली-आग्र्याकडे संगतराश म्हणत, प्रथम दगडाची सपाट शिळा निवडी. तांबडा दगड आग्रा, धोलपूर, भरतपूर या पट्ट्यातून आणि संगमरवर राजस्थानातील मकराण्याहून येई. शिळेवर कर्कटक व पट्टी यांच्या साहाय्याने नक्षी आखली जाई. शाळेच्या कंपासपेटीतील कर्कटकाने वर्तुळ काढून त्याच त्रिज्येने परिघावर सहा खुणा केल्या की षट्कोन मिळतो, हे प्रत्येक विद्यार्थ्याने करून पाहिलेले असते. जाळीच्या नक्षीचा प्रारंभ नेमका तेथूनच होतो. षट्कोनांतून षट्कोनी तारे, ताऱ्यांमधून पुन्हा षट्कोन, आणि अशी साखळी चौकटीच्या कडेपर्यंत. आखणी झाल्यावर छिद्रे पाडून, छिन्नीने कोरून, शेवटी घासून कडा सारख्या केल्या जात. हातोडीचा एक घाव चुकला तर आठवड्यांचे काम वाया जाई, कारण कोरीव दगडाला सांधा लपत नाही.

पट्टिका तयार झाल्यावर ती बसविणे हे स्वतंत्र कौशल्य होते. खांबांना आणि उंबऱ्याला खाच पाडून तीत जाळी सरकवीत आणि सांधा चुन्याने भरीत. चुना दगडापेक्षा मऊ असतो. उन्हाने दगड फुगला, थंडीने आकसला किंवा इमारत किंचित खचली, तर तो ताण चुना सोसतो आणि जाळी शाबूत राहते. सांधा दगडाहून कठीण झाला की तडा जाळीलाच जातो. ही गोष्ट विसाव्या शतकात अनेक ठिकाणी विस्मृतीत गेली आणि तिची किंमत वास्तूंनी मोजली.

ऊन मोजणारी खिडकी

जाळी गारवा देते असे सर्रास म्हटले जाते. त्यामागचा हिशेब साधा आहे आणि तो दिल्लीच्या अक्षांशावर नीट बसतो. दिल्ली सुमारे २८.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनच्या सुमारास भर दुपारी सूर्य येथे क्षितिजापासून जवळजवळ ८५ अंशांवर, म्हणजे डोक्यावर असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास तो ३८ अंशांपर्यंतच चढतो. आता जाळीचे छिद्र जेवढे उंच तेवढीच दगडाची जाडी आहे असे समजू. अशा छिद्रातून ४५ अंशांहून उंच असलेल्या सूर्याचा किरण सरळ आत येऊ शकत नाही. परिणामी दक्षिणेकडील जाळी जूनमधील दुपारचे ऊन अडवते आणि डिसेंबरचे काही ऊन आत सोडते. उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊब असा दुहेरी लाभ कोणत्याही यंत्राविना, केवळ दगडाच्या जाडीतून साधला जातो. पूर्व-पश्चिमेचे तिरपे ऊन मात्र असे अडत नाही. म्हणून तेथे छज्जे, ओवऱ्या आणि झाडे यांची जोड द्यावी लागते.

लाल किल्ल्यातील जाळी याच विचाराचे राजस रूप आहे. शाहजहानने १६३९ मध्ये पाया घातलेला हा किल्ला १६४८ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या महालांतून ‘नहर-ए-बहिश्त’ म्हणजे स्वर्गीय कालवा वाहत असे. खासमहालात या कालव्यावर एकसंध वाटणारी संगमरवरी जाळी उभी असून तिच्यावर न्यायाचा तराजू कोरला आहे. खालून पाणी, मधून वारा आणि वरून गाळलेला प्रकाश अशी ही योजना होती. सामान्य दिल्लीकराने पुढे वाळ्याच्या ओल्या ताट्या दारांना लावून आणि त्याही नंतर खिडकीत कूलर बसवून तेच साधले. कूलरच्या तीन बाजूंना असलेल्या पट्ट्या, त्यामागचा भिजलेला वाळा वा गवत, आणि त्यातून खेचला जाणारा वारा यांत त्या कालव्याचा दूरचा वारसा ओळखता येतो.

या कौतुकात एक गोष्ट नजरेआड होऊ नये. जाळीने वाऱ्याबरोबर माणसांचीही निवड केली. जनानखान्यातील स्त्रियांना दरबार दिसे, दरबाराला त्या दिसत नसत. ज्या नक्षीला आज सौंदर्य म्हणून दाद दिली जाते ती अनेक पिढ्यांच्या स्त्रियांसाठी जगाची सीमा होती. शाहजहानची कन्या जहाँआरा हिने चांदणी चौकासारखी बाजारपेठ उभारली. १६८१ मध्ये ती निवर्तली तेव्हा निजामुद्दीन दर्ग्याच्या आवारात तिची कबर संगमरवरी जाळीच्या कुंपणात, पण छतावाचून, उघड्या आकाशाखाली बांधली गेली. वर संगमरवरी पेटीच्या मध्यभागी केवळ माती आणि हिरवळ आहे. जाळीच्या इतिहासात हे मोकळे आकाश लक्षात ठेवण्याजोगे आहे.

चांदी गेली, दगड राहिला

मराठी वाचकाला लाल किल्ल्यातील एका प्रसंगाशी थांबणे भाग आहे. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने किल्ला ताब्यात घेतला. दक्षिणेतून रसद व पैसा वेळेवर येत नव्हता, फौजेचा खर्च भागत नव्हता आणि समोर अब्दालीचे सैन्य होते. या अडचणीत दिवाण-ए-खासचे रुपेरी छत उतरवून त्याची नाणी पाडण्यात आली. किती लाखांची, याविषयी निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळे आकडे आहेत. छत उतरविण्याची घटना मात्र निर्विवाद आहे. त्या पैशाने फौजेचे फार दिवस भागले नाहीत. पाच महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतचा संहार झाला.

त्याच किल्ल्याशी मराठ्यांचे दुसरे नाते महादजी शिंद्यांच्या काळात जुळले. १७७१ मध्ये त्यांनी दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये शाह आलम बादशहा आपल्या राजधानीत परतला. १७८८ मध्ये गुलाम कादिराने याच महालांत बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्याच्या तावडीतून किल्ला सोडविणारी फौजही महादजींचीच होती. १८०३ मध्ये इंग्रजांनी दिल्ली जिंकेपर्यंत मराठ्यांचा येथे वरचष्मा राहिला. छत उतरविणारे आणि किल्ला राखणारे हात एकाच झेंड्याखालचे होते. इतिहासाने दोन्ही नोंदी ठेवल्या आहेत, आणि दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलाने दोन्ही वाचल्या पाहिजेत. एकीचा अभिमान आणि दुसरीची खंत एकमेकींना खोडून काढीत नाहीत.

या साऱ्या उलथापालथीत खासमहालाची जाळी जागेवर राहिली. मयूरासन १७३९ मध्ये नादिरशहाने नेले, चांदीचे छत वितळले, १८५७ नंतर इंग्रजांनी किल्ल्यातील बहुतेक निवासी इमारती पाडून बराकी उभारल्या. जाळीला वितळविण्याजोगे मोल नव्हते, हेच तिचे संरक्षण ठरले. तिचे सारे मोल तिच्यावर खर्ची पडलेल्या श्रमांत होते आणि श्रम लुटून नेता येत नाहीत.

मराठी मुलखातील भावंड

दिल्ली-आग्र्याची ही परंपरा दख्खनेतही उतरली. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू हिच्या स्मरणार्थ तिचा पुत्र आझमशहा याने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बीबी का मकबरा बांधला. या वास्तूत कबर जमिनीच्या पातळीखाली असून तिच्याभोवती अष्टकोनी संगमरवरी जाळी आहे. दर्शक वरच्या सज्जातून खाली पाहतो. चौथऱ्याखालील पोकळी, तीत उतरणारा प्रकाश आणि जाळीचे कुंपण ही दिल्लीत पाहिलेली तिन्ही सूत्रे येथे एकत्र येतात. ताजमहालाशी तुलना करून या वास्तूला उणे लेखण्याची सवय आहे. जाळीच्या अंगाने पाहिले तर तिला स्वतंत्र स्थान द्यावे लागते.

नवी राजधानी, नवी जाळी

१९११ मध्ये राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली आणि नव्या शहराच्या वास्तुकारांना, ल्यूटेन्स आणि बेकर यांना, छज्जा, छत्री आणि जाळी यांचा आश्रय घ्यावा लागला. १९२७ मध्ये उद्घाटन झालेल्या जुन्या संसदभवनात संगमरवरी जाळ्या आहेत. स्वातंत्र्यानंतर चाणक्यपुरीत अमेरिकन वास्तुकार एडवर्ड ड्युरेल स्टोन यांनी आपल्या देशाचा दूतावास बांधला. १९५९ मध्ये खुल्या झालेल्या या इमारतीत काचेच्या भिंतींसमोर जाळीची दुसरी भिंत उभी आहे. काच आहे, पण सावलीत आहे. लोदी उद्यानाशेजारी जोसेफ ॲलन स्टाइन यांनी रचलेल्या आणि १९६२ मध्ये सुरू झालेल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्येही जाळी आहे. याच काळात सरकारी वसाहतींच्या जिन्यांना साच्यात ओतलेली सिमेंटची जाळी लागली. केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांची मुले त्या जाळीच्या चौकोनांतून खालच्या मैदानाकडे पाहत लहानाची मोठी झाली. त्या जाळीला कोणी स्मारक म्हटले नाही, तरी वंशाने ती अलाई दरवाजाचीच होती.

१९९० नंतर गुरुग्राम आणि नोएडात काचेच्या मनोऱ्यांचे युग आले. ४५ अंशांच्या उन्हात काचेची बंद पेटी उभी करायची आणि आत शिरलेली उष्णता विजेच्या बळावर बाहेर फेकायची, हा या युगाचा रिवाज झाला. फेकलेली उष्णता शहरातच राहते. ज्याच्याकडे वातानुकूलन यंत्र नाही त्याच्या वाट्याला ती येते. २००७ मध्ये आलेल्या ऊर्जासंधारण इमारत संहितेने काचेच्या वापराला काही मर्यादा घालण्याचा प्रयत्न केला. जाळीचा प्रश्न म्हणूनच केवळ कलेचा अथवा स्मरणरंजनाचा उरलेला नाही. शहराचा गारवा सर्वांचा राहणार की विकत घेऊ शकणाऱ्यांचा, हा प्रश्न तिच्या छिद्रांतून स्पष्ट दिसतो.

चौसष्ट खांबांचा धडा

निजामुद्दीन वस्तीत चौसष्ट खंबा नावाची इमारत आहे. अकबराचा दूधभाऊ मिर्झा अझीझ कोका याने १६२३-२४ च्या सुमारास ती बांधविली. ६४ संगमरवरी खांब, २५ लहान घुमट आणि बाहेरच्या खांबांमध्ये संगमरवरी जाळ्या अशी तिची रचना आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिचा संगमरवर फुटू लागला होता. कारण दगडात दडले होते : सांध्यांसाठी आत बसविलेल्या लोखंडी खुंट्यांना गळतीचे पाणी लागून गंज चढला होता आणि गंजाने फुगलेले लोखंड दगडाला आतून फोडीत होते. आगाखान सांस्कृतिक न्यास आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी हाती घेतलेल्या जीर्णोद्धारात घुमटांचे दगड एकेक करून उतरविण्यात आले, दोष दूर करून पुन्हा बसविण्यात आले. हुमायूनच्या मकबऱ्यावरही याच न्यासाच्या कामात छतावर विसाव्या शतकात चढविलेला सुमारे दहा लाख किलो काँक्रीटचा थर हातांनी काढून पुन्हा चुन्याचा वापर करण्यात आला. ही कामे पाथरवटांनी केली. छिन्नी आणि हातोडी धरून, पूर्वजांच्या रीतीने.

या कामांतून एक आशादायक गोष्ट सिद्ध झाली. विद्या लोपली असे वाटत असतानाही ती काही घरांत, काही हातांत टिकून होती. तिला काम मिळताच ती पुन्हा उभी राहिली. शाळेलाही हे परके नाही. मातृभूमीपासून सुमारे दीड हजार किलोमीटरांवर एखादी भाषा साठ वर्षे शिकवीत राहणे हेही सांधा मऊ ठेवून दगड टिकविण्याचेच काम आहे. आजूबाजूच्या हवेशी दार बंद करून ते होत नाही आणि सारे दरवाजे सताड उघडे टाकूनही होत नाही.

पुढच्या वर्षी पाचवीची मुले कुतुब परिसरात जातील, तेव्हा शिक्षकांनी त्यांना घटकाभर इमाम झामीनच्या कबरीपाशी थांबवावे. कंपासपेटी बरोबर असावी. जाळीतील एक तारा वहीत उतरवून घ्यायचा, दगडाची जाडी आणि छिद्राची उंची मोजायची, आणि जूनमधील सूर्य त्यातून आत येईल का याचे गणित तेथेच मांडायचे. इतिहास, भूमिती आणि भूगोल यांचा तो एकत्रित तास दिल्लीच्या उन्हात, पण सावलीत बसून होईल.